बेचाळिसाव्या दिवसानंतर

प्रति,
माननीय मंत्री,
महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मुलांवरचे अत्याचार होण्याआधीच थांबावेत म्हणून आईबापांना गावातच आधार मिळण्याबाबत



मराठवाड्यातल्या एका तालुक्यात मी तीसहून अधिक वर्षं अंगणवाडीच्या कामात होते. आधी सेविका, नंतर पर्यवेक्षिका. आता निवृत्त आहे. पण एक गृहभेट अजून डोक्यातून जात नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

चौदा महिन्यांचं मूल. दोन महिने वजन वाढलं नव्हतं, वाढीच्या तक्त्यावर पिवळ्या पट्ट्यातून लालमध्ये उतरलं होतं, म्हणून सेविकेला सोबत घेऊन मी त्या घरी गेले. दंडघेर पट्टी लावायला झबलं वर केलं, तर पाठीवर पाच बोटं उमटलेली. आई विशीतली. मी तिला अंगणात उभी करून बोलले. लेकराला असं मारतात का, पुन्हा दिसलं तर पोलिसांत देईन, असं बरंच काही. ती एक शब्द बोलली नाही. पदर तोंडाला लावून खाली बघत राहिली. भेटीच्या वहीत मी लिहिलं, 'आईला समज दिली.'

पुढच्या वजनाच्या दिवशी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही गेलो की दाराला आतून कडी. शेवटी सेविकेने तिला पाण्याच्या वेळी आडावर गाठलं, तेव्हा सगळं कळलं. नवरा उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर गेलेला. सासूला अर्धांगवायू, तिचं सगळं जागेवर. मुलाचा कान फुटलेला, रात्र रात्र रडायचं. "पंधरा रोज झालं ताई, डोळ्याला डोळा न्हाई. त्या रातीला हात कसा उठला मलाच कळलं न्हाई. आन् दुसऱ्याच दिशी त्या मॅडम आल्या."

आम्ही मुलाचं वजन केलं होतं, उंची घेतली होती, दंडाचा घेर मोजला होता. कानात कुणी पाहिलं नव्हतं. आणि तिला 'तू झोपलीस कधी?' असं विचारायची जागा आमच्या एकाही रजिस्टरात नव्हती. रजिस्टरं अकरा होती.

कानाचं औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळालं. सासूचं अंग पुसायला शेजारची बाई सकाळी तासभर यायला तयार होती, तिला कुणी विचारलंच नव्हतं. मूल हळूहळू लालमधून वर आलं. माझ्या समज देण्याने एवढंच झालं होतं की दोन महिने एका घराचं दार बंद राहिलं.

हे सांगून मला आईचा हात उगारणं योग्य ठरवायचं नाही. ते मूल चौदा महिन्यांचं होतं आणि त्याच्या पाठीवर पाच बोटं होती. मला म्हणायचं आहे ते असं, की आपली सगळी व्यवस्था ती पाच बोटं उमटल्यावर जागी होते. मुंबईत 1996 साली टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झालेली 1098 ही हेल्पलाइन आता सरकारच चालवतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्ध 2012 चा पॉक्सो कायदा आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात मुलाला क्रूरपणे वागवणाऱ्याला शिक्षा आहे, जिल्ह्याला बाल कल्याण समिती आहे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे. हे सगळं लागतं, आणि आहे त्याहून जास्त लागतं. पण त्या विशीतल्या बाईने मारण्याच्या आदल्या दिवशी कुणाला फोन करायचा होता? 1098 मुलांचा नंबर आहे. आईबापांचा नंबर कुठला?

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या राज्यांत महाराष्ट्रही होता. दर तीन मुलांमागे दोघांनी मारहाण सोसलेली. घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी 88.6 टक्के मुलांना मारणारे त्यांचेच आईवडील होते. ज्या हातांनी घर सांभाळायचं त्याच हातांची ही गोष्ट आहे. एवढ्या साऱ्या आईबापांना आपण पोलीस ठाण्यात नेणार नाही, नेऊ शकणारही नाही. मग त्यांच्याशी दुसरं कोण बोलणार?

आपल्या खात्याच्या बालसंगोपन योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं आहे. ते नाव मला फार जवळचं वाटतं, आणि म्हणून सावित्रीबाई आणि जोतीराव या दोघांनी 1863 साली काय केलं ते आपल्यापुढे ठेवते. विधवेला दिवस गेले तर तेव्हा तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. विहीर, नाहीतर पोटच्या पोराचा गळा. कायदा त्याही वेळी होता, आणि मूल मारणाऱ्या बाईला काळ्या पाण्याची शिक्षा व्हायची. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि शहरात तशा जाहिराती लावल्या. इथे येऊन गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर. 1874 साली अशाच एका विधवेचं मूल त्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत. पुढच्याच वर्षी प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपुरात तसंच गृह सुरू केलं.

त्या गृहाच्या नावातला 'प्रतिबंधक' हा शब्द मी पुष्कळदा मनात घोळवला आहे. आज शासनाच्या कागदात प्रतिबंध म्हटलं की पोस्टर येतं, शपथ येते, जनजागृती सप्ताह येतो. सावित्रीबाईंच्या लेखी प्रतिबंध म्हणजे खाट, गरम पाणी आणि खोदून खोदून न विचारणारी एक बाई. मूल वाचवायचं तर आधी आईला धरायचं, हे त्यांना कुठल्याही अहवालाशिवाय कळलं होतं.

आता आपल्याकडे काय आहे ते बघू, कारण पुष्कळ आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतली आणि अर्भकमृत्यू खाली आणले. 1999 साली ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि पुढे देशभरातल्या आशाताईंच्या हाती गेलं. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. 2018 पासून त्यात तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंत, दर तीन महिन्यांनी एक, अशा आणखी पाच भेटी आल्या.

बेचाळीस दिवस म्हणजे सहा आठवडे. बाळाचं रडणं सगळ्यात जास्त असतं ते नेमकं सहाव्या ते आठव्या आठवड्यात. कारण नसताना, संध्याकाळी, तास तास. डॉक्टर सांगतात की हे निरोगी बाळातही होतं आणि पुढे आपसूक कमी होतं. म्हणजे रडणं शिगेला पोचतं तेव्हा आपली भेट संपते आणि पुढची थेट तिसऱ्या महिन्यात येते.

त्यात आपल्याकडची रीत मिसळा. पहिलं बाळंतपण माहेरी. आई अंगाला लावते, शेक देते, रात्री मूल स्वतःच्या कुशीत घेते. मग सव्वा महिन्याने म्हणा, तिसऱ्या महिन्यात म्हणा, बाळंतविडा घेऊन लेक सासरी येते. माहेरच्या आशाताईचं काम संपलेलं, सासरच्या आशाताईच्या यादीत ही अजून चढलेलीच नाही. दोन गावांच्या मध्ये एक आई आणि एक रडणारं मूल आठवडेच्या आठवडे कुणाच्याच नोंदीत नसतं. मी माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या गावांत, हे इतक्यांदा पाहिलं, की पुढे पुढे सेविकांना सांगायचे, गावात नवी बाळंतीण दिसली की आधी चहाला जा, वजनकाटा नंतर न्या.

या दिवसांत वैतागलेल्या माणसाने तान्ह्या बाळाला गदागदा हलवलं तर त्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मूल जातं, नाहीतर जन्मभर अधू राहतं. बाहेरून ओरखडाही दिसत नाही. हे आपण किती आईबापांना सांगतो? लसीचं वेळापत्रक त्यांना पाठ असतं, कारण आपण ते पाठ करून घेतलं. रडणं सहन होईना तर बाळाला पाठीवर, पडणार नाही अशा जागी ठेवायचं आणि पाच मिनिटं अंगणात जाऊन बसायचं, त्याने बाळाचं काही बिघडत नाही, एवढं वाक्य त्याच वेळापत्रकाखाली छापायला काय लागतं?

आणि बापांनाही सांगा. गृहभेटीत बाप घरात असला तर उठून बाहेर जातो, आम्हीही त्याला जाऊ देतो. रात्री दोन वाजता मूल रडतं तेव्हा मात्र तो तिथेच असतो, पुष्कळदा प्यालेला. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, तिथे व्यसनी माणसाबरोबर त्याच्या बायकोशीही बसून बोलतात, तिच्यासाठी वेगळा गट असतो. गावात दारूबंदीचा ठराव होतो, पण पिणाऱ्याच्या बायकोशी बसून बोलायला कुणी नसतं. त्या घरातल्या मुलाला बापाचा मार मिळतो, आणि बापाचा मार खाल्लेल्या आईचाही.

बाळंतपणानंतर साधारण पाचातल्या एका आईला उदासीनतेचा आजार गाठतो, असं आपल्याच देशातल्या अभ्यासांतून दिसलं आहे. गावात त्याला नाव नाही. 'बाहेरचं लागलंय' म्हणतात आणि देवऋषाकडे नेतात, किंवा 'नखरे करते' म्हणून सोडून देतात. ऑक्टोबर 2022 पासून 14416 ही मानसिक आरोग्याची टेली-मानस सेवा आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. हा नंबर बाळंतिणीच्या हातातल्या कार्डावर का नाही?

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफ आणि आपल्याच खात्याबरोबर 'आरंभ' नावाचं काम उभं केलं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या आईबापांना घरी जाऊन भेटायचं, गावात पालक मेळावे भरवायचे, मुलाशी बोलायचं कसं, खेळायचं कसं हे दाखवायचं. अशा मेळाव्यात मूल मांडीवर घेऊन खाली बसलेले बाप मी पाहिले आहेत. गावाच्या चावडीवर ते कधी तसे बसले नसते. म्हणजे रस्ता आहे, आणि तो आपल्याच राज्यातल्या लोकांनी पाडलेला आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा शहरात डेव्हिड ओल्ड्स यांनी पहिलटकरणींच्या घरी मूल दोन वर्षांचं होईपर्यंत परिचारिका पाठवल्या. पंधरा वर्षांनी पाहिलं तर त्या घरांत मुलांच्या छळाच्या आणि हेळसांडीच्या नोंदी जवळजवळ निम्म्याने कमी होत्या. हे झालं ते नेमाने दार ठोठावणाऱ्या बाईमुळे, आणि तशी बाई आपल्या गावोगावी आधीपासून आहे.

आता ऊसतोडीबद्दल, कारण हे पत्र मराठवाड्यातून येतं आहे.

दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातली गावं अर्धी रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत फडातून हलायचं नाही, एक दिवस बसलं तर खाडा, म्हणजे दंड. बाई पहाटे उठून भाकरी थापते, अंधारातच फडात जाते, रात्री गाडी भरायला पुन्हा बोलावणं येतं. तान्हं मूल बांधावर झोळीत, चालतं मूल आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ती बहीण तिसरीतली, पण शाळेत नाही. पाचटात साप असतो, पश्चिमेकडच्या फडात बिबट्या असतो, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात. कायद्याच्या पुस्तकात याला मुलाकडे दुर्लक्ष म्हणतील. मी त्या आयांना ओळखते. फडातून दर थोड्या वेळाने मान वर करून झोळीकडे बघणारी बाई दुर्लक्ष करत नसते. तिच्याजवळ मूल ठेवायला जागा नसते.

पाळणाघराचे कायदे आहेत, पण ते हजेरीपटावरच्या बायकांसाठी. तोडणीची बाई कारखान्याच्या हजेरीपटावर नसते, मुकादमाच्या वहीत असते, आणि तिथेही पुष्कळदा फक्त नवऱ्याचं नाव. हंगामी वसतिगृहं आहेत, शाळकरी मुलं आजी-आजोबांजवळ गावात राहावीत म्हणून. ती जिथे नीट चालतात तिथे फरक दिसतो. पण तीन वर्षांखालच्या मुलाला कुठलं वसतिगृह? आणि चौदा वर्षांच्या मुलीला खोपीत एकटी ठेवायचीही भीती, गावात एकटी ठेवायचीही भीती, म्हणून तिचं लग्न लावून टाकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या 20 ते 24 वर्षांच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. बीडमध्ये हेच प्रमाण चाळिशीच्या वर होतं. बालविवाह हा मुलीवरचा अत्याचारच आहे, त्यात मला शंका नाही. ग्रामसेवकाने तो थांबवला पाहिजे. पण अशा एका बापाने मला विचारलं होतं, "थांबवतो मॅडम, पण सहा महिने तिला ठेवू कुठं ते सांगा." मी गप्प बसले होते.

म्हणून मागते : साखर कारखान्याच्या तळांवर, खोप्यांच्या मधोमध, पहाटे चारला उघडणारी पाळणाघरं. सकाळी दहाला उघडणारी नकोत, तोवर बाई फडात पोचून सहा तास झालेले असतात. सांभाळायला त्याच टोळीतली एखादी वयस्क बाई घ्या, तिला कोयत्याइतका पगार द्या, खर्च कारखान्याच्या गाळपावर बसवा. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, त्याच्या कामात हे पहिल्या ओळीत यावं.

एका गोष्टीत मात्र माझा शब्द कुणी चुकीच्या बाजूने वापरू नये. लैंगिक अत्याचार थकव्यातून होत नाहीत. तिथे समजूत घालणं नाही, गावकीत मिटवणं नाही, 'घरातलंच आहे' म्हणून झाकणं नाही. पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे ज्याला कळलं त्याने कळवायचंच असतं, सेविकेनेही. पण तिथेही आईला आधार लागतो, आणि सर्वांत जास्त लागतो. दिराने किंवा मामाने हात लावला असं मुलीने आईला सांगितलं, की आईपुढे त्याच क्षणी घर, नवरा, छप्पर, पोरीचं 'नाव' असं सगळं उभं राहतं. कळवलं तर आपण कुठे जाऊ, हे तिला कुणी सांगत नाही. नियमांमध्ये मुलासोबत राहणाऱ्या सहायक व्यक्तीची तरतूद आहे. ती व्यक्ती तिला पहिल्याच दिवशी दिसली पाहिजे, तारखा पडायला लागल्यावर नव्हे. ज्या आईला आपल्यामागे कुणी आहे हे ठाऊक असतं, तीच मुलीवर विश्वास ठेवायचं धाडस करते. मी असं होताना एकदा पाहिलं आहे, आणि न होताना अनेकदा.

गावोगावच्या बाल संरक्षण समित्यांबद्दल थोडक्यातच लिहिते. सरपंच अध्यक्ष, सेविका, शिक्षक, आशा, शिवाय मुलांचे दोन प्रतिनिधी, अशी सुरेख रचना आहे. शासन निर्णय निघून दशक उलटलं. कितीतरी गावांत तिची बैठक वहीतच होते, आणि तीही तपासणीच्या आदल्या रात्री. मी स्वतः अशा वह्या पाहिल्या आहेत आणि त्यांवर सहीही केली आहे. बैठक खरी व्हायची असेल तर तिच्या हाती थोडा पैसा द्या. मुलाच्या आजारपणात एका घराला पाचशे रुपये, एखाद्या बाईला माहेरी जायचं एसटीचं भाडं, एवढं जरी समितीला स्वतःच्या अधिकारात देता आलं तरी लोक तिच्याकडे येतील. बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या मुलाला महिन्याला 2,250 रुपये आहेत. विधवेच्या हातात ते दर महिन्याला पडले तर बारा वर्षांचा मुलगा हॉटेलात कपबशा विसळायला जात नाही. सहा महिन्यांचे एकदम आले तर तोवर तो गेलेला असतो.

आणि कृपा करून हे सगळं सेविकेच्या डोक्यावर तसंच टाकू नका. डिसेंबर 2023 मध्ये या बायका संपावर गेल्या आणि दीड महिन्याहून अधिक काळ रस्त्यावर बसल्या, ते मानधनासाठी आणि माणूस म्हणून वागवलं जावं म्हणूनही. तिच्या हातात रजिस्टरं होती, 2021 पासून मोबाइलवरचं पोषण ट्रॅकर आहे, निवडणुकीचं काम आहे, सर्वेक्षणं आहेत. आईशी बोलायला तास द्यायचा असेल तर दुसरं कुठलंतरी काम कमी करावं लागेल. कुठलं कमी करायचं ते तिलाच विचारा, ती अचूक सांगेल. ताराबाई मोडक यांनी बोर्डीला मुलांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, 'अंगणवाडी' हा शब्द तिथून आला. अंगणात बसून बोलणं हे या कामाचं मूळ आहे. आपण सेविकेला अंगणातून उचलून मोबाइलच्या पडद्यापुढे बसवलं आहे.

माझी पहिली आणि तातडीची मागणी लहान आहे. बेचाळिसाव्या दिवसाची भेट आणि तिसऱ्या महिन्याची भेट यांच्यामध्ये एक भेट वाढवा, साठाव्या दिवसाच्या सुमाराला, बाई ज्या गावात असेल त्या गावात. त्या भेटीला वजनकाटा नेऊ नये. फॉर्म भरू नये. सेविकेने किंवा आशाताईने बाळ अर्धा तास स्वतःच्या मांडीवर घ्यावं आणि आईला म्हणावं, तू जरा पड. ती उठेल तेव्हा विचारावं, रात्री कोण उठतं, घरात कोण पितं, तुला रडू येतं का, हात उठतो का. उत्तर 'हो' आलं तर काय करायचं हे सेविकेला शिकवलेलं असावं, आणि त्यात 'समज देणं' नसावं.

एखाद्या तालुक्यात हे करून बघायचं ठरलं तर सेविकांना शिकवायला मी येईन. मानधन नको, येण्याजाण्याची सोयही मी माझी करीन. फक्त प्रशिक्षण तालुक्याच्या सभागृहात ठेवू नका, गावात ठेवा, आणि भेटी सकाळी नकोत. सकाळी बाया रानात असतात. संध्याकाळी सहानंतर, मूल रडायला लागतं त्या वेळी जाऊ.

आपली नम्र,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका